फळा, पडदा आणि वही



भोपाळच्या आनंद नगरात मराठीतून बोलण्याची संधी या स्मृतिव्याख्यानाने दिली, याबद्दल मी शाळेचा ऋणी आहे.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. मोबाईलने कोड स्कॅन करताच कविता ऐकू येई, पाठाची चित्रफीत दिसे. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ लाभले. नवे साधन त्यांनी मुलांच्या हातातील पुस्तकालाच जोडले, हे मला मोलाचे वाटते.

माझ्या हातून मात्र चूक घडली. २०२० च्या टाळेबंदीत मी सकाळी अकराला मोबाईलवर प्रश्न पाठवीत असे आणि तासाभरात उत्तर न आल्यास गैरहजेरी मांडीत असे. एक मुलगी महिनाभर गैरहजर ठरली. घरातला एकुलता मोबाईल तिचे वडील कामावर नेत. ती रात्री पाठ ऐकून वहीत उत्तरे लिही. शाळा उघडल्यावर तिने ती वही माझ्यापुढे ठेवली. एकही उत्तर राहिलेले नव्हते.

म्हणून अनुभवाने चार गोष्टी सुचवितो. चित्रफीत आधी स्वतः संपूर्ण पाहावी. वर्गात ती मध्येच थांबवून ‘पुढे काय होईल?’ असे विचारावे. वीज गेली तरी तास चालावा, यासाठी मुख्य आकृती फळ्यावर काढून ठेवावी. गृहपाठाला दुसऱ्या दिवसापर्यंत मुदत द्यावी आणि तो वहीतही स्वीकारावा.

साधन निवडताना, ज्याच्या घरी ते नाही त्या मुलाचा विचार आपण प्रथम करावा, एवढीच माझी विनंती आहे.