एनिड ब्लायटन : मुलांची लाडकी, मोठ्यांची अडचण

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त झालेल्या व्याख्यानाची संहिता)



ज्या लेखिकेला ग्रंथपालांनी वर्षानुवर्षे दाराबाहेर ठेवले, तिच्याविषयी एका ग्रंथालयाच्या शताब्दी समारंभात बोलावे, हे वरवर पाहता विपरीत वाटेल. परंतु शंभर वर्षे पुस्तके सांभाळणाऱ्या संस्थेला जो प्रश्न टाळता येत नाही, तोच या लेखिकेच्या चरित्रात उभा आहे. मुलांना जे हवे असते आणि मोठ्यांना मुलांसाठी जे हवे असते, त्यांत अंतर पडले तर कपाटाची किल्ली कोणाच्या हाती असावी?

एनिड मेरी ब्लायटन यांचा जन्म ११ ऑगस्ट १८९७ रोजी लंडनच्या ईस्ट डलविच भागात झाला. वडील सुऱ्या-काटे-चमच्यांचे विक्रेते. पण झाडे, पक्षी, संगीत आणि पुस्तके यांचे मोठे वेडे. आईचा ओढा घरकामाकडे, आणि मुलीनेही त्यातच लक्ष घालावे असा तिचा आग्रह. एनिड तेरा वर्षांची होत असताना वडील दुसऱ्या स्त्रीसाठी घर सोडून गेले. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी विचारलेच तर ते परगावी गेले आहेत असे सांगायचे, अशी आईची ताकीद होती. ज्या घरात खरे बोलायची सोय उरली नाही, तेथील मुलगी खोलीचे दार लावून लिहीत बसली. पुढे तिच्या साहसकथांतील आईवडील पहिल्या काही पानांतच दूर पाठवले जातात आणि मुले आपल्या बळावर बेटे, गुहा नि भुयारे धुंडाळतात. या दोहोंचा संबंध जोडण्याचा मोह चरित्रकारांना आवरलेला नाही, आणि तो अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही.

पियानोवादक व्हायचे हा घरचा बेत मोडून त्या १९१६ साली इप्सविच येथे फ्रोबेलच्या पद्धतीच्या शिक्षिका-प्रशिक्षणासाठी गेल्या. मुलांना काय आवडते, हे त्या वर्गात शिकल्या. पहिले पुस्तक, कवितांची लहानशी चोपडी, १९२२ साली निघाले. १९२६ पासून ‘सनी स्टोरीज’चे संपादन त्यांच्याकडे आले, आणि मग तो ओघ थांबला नाही. १९३९ साली जादूच्या झाडाच्या कथा सुरू झाल्या, १९४२ साली चार मुले नि एक कुत्रा यांची ‘फेमस फाइव्ह’ ही मालिका, १९४९ साली ‘सीक्रेट सेव्हन’ आणि लाकडी बाहुला नॉडी. त्यांची एकूण ग्रंथसंख्या सातशेच्या घरात सांगितली जाते. भारतातील इंग्रजी वाचणाऱ्या मुलांच्या कित्येक पिढ्या याच पुस्तकांवर वाढल्या.

इतके लेखन एका हातून होते कसे? मानसशास्त्रज्ञ पीटर मॅक्केलर यांना १९५३ पासून लिहिलेल्या पत्रांतून ब्लायटनबाईंनी याचे उत्तर दिले आहे. टंकयंत्र मांडीवर घ्यायचे, डोळे मिटायचे, मन कोरे करून वाट पाहायची. थोड्याच वेळात पात्रे समोर चालू-बोलू लागतात. खाजगी चित्रपट पाहावा तसे सारे दिसते, आणि आपण केवळ टिपून घ्यायचे. पुढे काय होणार हे त्यांनाही ठाऊक नसे. अशा रीतीने दिवसाला ६,००० ते १०,००० शब्द होत. या कबुलीत त्यांचे सामर्थ्य आहे आणि मर्यादाही. जे लेखिकेलाच पुढे ओढते ते मुलालाही ओढते. पण थांबून शब्द पारखून घेण्याला या कारखान्यात जागा नव्हती. एवढे लेखन एकटी बाई करूच शकत नाही, अशी वदंता एका ग्रंथपालाकडून दक्षिण आफ्रिकेत पसरली, तेव्हा ब्लायटनबाईंनी कायद्याचा आधार घेतला आणि १९५५ साली न्यायालयात जाहीर क्षमायाचना मिळवली.

मोठ्यांचा आक्षेप मुख्यतः दोन प्रकारचा होता. पहिला, तोकड्या शब्दसंग्रहाचा आणि ठोकळेबाज कथानकांचा. बीबीसीने याच कारणास्तव त्यांना जवळजवळ तीस वर्षे दूर ठेवले. तो पत्रव्यवहार २००९ साली उघड झाला. समीक्षा म्हणून आक्षेप बहुतांशी खरा आहे. मात्र त्याच्या आधारे अनेक ग्रंथालयांनी पुस्तके घेणे बंद केले, तेव्हा समीक्षकाचे काम ग्रंथपालाने आपल्याकडे ओढून घेतले. मुलांनी त्यांना जुमानले नाही. खाऊच्या पैशांतून ती पुस्तके घेतली. (थट्टेखोरांनी त्यांच्या नावावर खपवलेले जिंजर बिअरच्या सुकाळाचे प्रसिद्ध वाक्य त्यांच्या एकाही पुस्तकात नाही, ते १९८२ सालच्या एका विडंबनातून आले.)

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. परके, काळे वा भटके लोक त्यांच्या कथांत वारंवार संशयाचे धनी होतात. हा केवळ आजचा दृष्टिकोन नव्हे. १९६० साली मॅकमिलनने त्यांचे एक हस्तलिखित परत केले, त्यात परकीयांविषयीचा जुनाट तुच्छभाव हे कारण होते. १९६६ साली काळ्या बाहुलीच्या कथेवर ‘गार्डियन’मधून कठोर टीका झाली. येथे ‘मुलांना आवडते’ हे उत्तर पुरत नाही, कारण ज्या मुलाचा रंग कथेतील खलनायकाचा आहे तेही मूल वाचकच आहे.

घरातील चित्रही दुहेरी आहे. धाकटी कन्या इमोजेन यांनी १९८९ साली आत्मकथनात मातृत्वाची ऊब नसलेली, आपल्याच कोषात राहणारी आई रंगवली. थोरल्या जिलियन यांना मात्र ती न्यायी आणि प्रेमळच आठवे. दोघी एकाच घरात वाढल्या. ज्या बाई वाचक मुलांच्या पत्रांना आवर्जून उत्तरे देत आणि त्यांच्या मंडळांमार्फत आजारी मुलांसाठी नि जनावरांसाठी निधी उभा करीत, त्यांच्याविषयीची ही दोन मते आहेत. अखेरच्या वर्षांत स्मृतिभ्रंशाने त्यांना घेरले आणि २८ नोव्हेंबर १९६८ रोजी त्यांचे निधन झाले. बीकन्सफील्डचे ‘ग्रीन हेजेस’ हे त्यांचे घर १९७३ साली पाडण्यात आले.

प्रकाशकांनी पुढे दोन्ही वाटा चोखाळून पाहिल्या. नॉडीच्या कथांतील काळे बाहुले १९८०च्या दशकात काढून त्यांच्या जागी भुते आणली गेली. तो बदल टिकला. २०१० साली ‘फेमस फाइव्ह’ची भाषाच आजची करण्याचा घाट घातला गेला. वाचकांनी तिच्याकडे पाठ फिरवली आणि २०१६ साली जुनी संहिता परत छापावी लागली. ब्लायटनबाईंनी टंकलिखित केलेल्या मूळ प्रती आता न्यूकॅसलच्या ‘सेव्हन स्टोरीज’ या बालसाहित्याच्या संग्रहालयात जपून ठेवल्या आहेत.