टेपनं शेळीचं वजन

आज कागद-पेन्सिल जवळ घेऊन बसा, थोडं गणित आहे.

आपल्या गटात बऱ्याच जणींच्या दारात दोन-चार उस्मानाबादी शेळ्या आहेत. काटा मात्र कुणाकडंच नाही. व्यापारी येतो, बोकडाच्या पाठीवरून, कमरेवरून हात फिरवतो आणि म्हणतो, "ताई, वीस किलोच्या वर जात नाही." त्याचा अंदाज पक्का असतो. तो चुकत नाही, कमी सांगतो. आपल्याकडं आकडाच नसतो, मग बोलणार काय?

तो आकडा शिवणकामाच्या टेपनं काढता येतो. सकाळी चारा-पाण्याआधी बोकड सपाट जागेवर उभा करा. चारही पाय सरळ, मान वर. एकीनं धरायचं, दुसरीनं मोजायचं. पुढच्या पायांच्या लगेच मागून टेप छातीभोवती फिरवा. टेप अंगाला लागलेला हवा, पण आवळायचा नाही. हा झाला घेर. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून शेपटीखालच्या टोकदार हाडापर्यंत सरळ लांबी घ्या.

आता लिहा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660. मापं इंचात घेतली की उत्तर किलोत येतं. घेर 26 इंच आणि लांबी 24 असेल, तर 26 गुणिले 26 म्हणजे 676. त्याला 24 नं गुणलं की 16,224. भागिले 660, म्हणजे साडेचोवीस किलो! किलोला चारशेचा भाव धरा. वीस आणि साडेचोवीसमध्ये अठराशे रुपये गेले की नाही? मोबाइलवर हिशोब होतो, पाढे पाठ नसले तरी चालतं.

घेर दोनदा गुणला जातो, म्हणून तिथं हात जपून. घेर एक इंच जास्त धरला तर वजन जवळजवळ दोन किलो वाढतं, लांबीत तेवढीच चूक झाली तर एकच किलो. म्हणून घेर तीनदा मोजा. आणि हा अंदाज आहे, काटा नव्हे. गाभण शेळीला आणि अगदी लहान करडांना त्यावर विसंबू नका.

विक्रीपेक्षाही आम्हाला हे जंताच्या औषधासाठी मोलाचं वाटतं. दहा किलोच्या पाटीला आणि तीस किलोच्या शेळीला एकाच टोपणानं औषध पाजायची आपल्याकडं सवय आहे. औषध कमी पडलं की जंत पुरते मरत नाहीत, आणि पुढं त्याच औषधाला दाद देईनासे होतात. पैसे जातात, शेळी वाळतच राहते. डॉक्टरांना नुसतं "मोठी शेळी आहे" असं सांगू नका, किलो सांगा. शेळी गाभण असेल तर तेही आधी सांगा, कारण काही औषधं तिला चालत नाहीत.

दर महिन्याच्या बैठकीआधी घेर मोजून वहीत लिहायचा. चारा खाऊनही घेर उतरत असेल, तर खालची पापणी ओढून बघा. पांढरी दिसली तर दवाखाना गाठा.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं एका बोकडाचे दोन्ही आकडे आणायचे आहेत. त्यातले दोन बोकड बाजारच्या काट्यावर चढवून आपलं गणित किती जमतं ते बघू. टेप मात्र ताणलेला, जुना नको. आधी पट्टीला लावून तपासा.