खुर्चीवाचून आमदारकी : कंधारचे भाई केशवराव धोंडगे
(गिरणी कामगारांच्या सभेतील भाषण)



निवडणूक आली की गिरणीच्या गेटावर एकच बोलणं ऐकू येतं. "अरे बाबा, सत्तेतल्या माणसालाच मत दे. विरोधातला निवडून आला तर करणार काय? त्याच्या हातात ना खातं, ना पैसा." म्हणून आज मी नांदेड जिल्ह्यातल्याच एका आमदाराचा हिशेब तुमच्यापुढे मांडणार आहे. मी वकील नाही की प्राध्यापक नाही. चार यत्ता शिकलेला, रिंग खात्यात तुटलेला धागा जोडणारा माणूस आहे. पण हिशेब आपल्यालाही कळतो.

केशवरावांचा जन्म 1920 चा. ते वाढले निजामाच्या राज्यात, जिथं मराठी पोराला वरचं शिक्षण घ्यायचं तर उर्दूतून घ्यावं लागे. हैदराबादच्या मुक्तिसंग्रामात ते उतरले. 17 सप्टेंबर 1948 ला ते राज्य संपलं. पण निजाम गेला म्हणून अडाणीपण आपोआप जात नाही. केशवरावांनी कंधार भागात शाळा उभ्या केल्या. संस्थेचं नावच बघा : श्री शिवाजी मोफत एज्युकेशन सोसायटी. 'मोफत' हा शब्द त्यांनी पाटीवरच लिहून टाकला, म्हणजे गरिबाला विचारायची लाज नको.

1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा हैदराबाद राज्यातून सुटला, पण मिळाला कशाला? द्विभाषिक मुंबई राज्याला. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र अजून दूरच होता. त्यासाठी माणसं गोळ्या खात होती, आणि त्यात गिरणी कामगार पुढं होते. अशा वेळी 1957 साली शेतकरी कामगार पक्षाचे केशवराव कंधारातून विधानसभेत गेले. 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला, तेव्हा ते त्या सभागृहात होते.

पुढे ते एकंदर पाच वेळा आमदार झाले. 1977 साली नांदेडचे खासदार झाले. 1985 आणि 1990 साली कंधारनं त्यांना पुन्हा विधानसभेत धाडलं. 1995 साली ते पडले. मंत्री कधी झाले नाहीत. आणि पक्ष? तोच. लाल बावटा एकदा खांद्यावर घेतला तो मरेपर्यंत उतरवला नाही.

आता कुणी म्हणेल, मग शंकरराव चव्हाणांचं काय? तेही नांदेडचेच. बरोबर आहे. शंकरराव दोनदा मुख्यमंत्री झाले. जायकवाडी आणि विष्णुपुरीचं पाणी डोळ्यांना दिसतं. शेतात पाणी आलं त्याला नाही म्हणणारा मी कोण? खुर्चीनं काम होतं, हे मान्य. पण 1975 साल आठवा. आणीबाणी आली तेव्हा एकाच जिल्ह्याचे दोन पुढारी कुठं होते? शंकरराव मुख्यमंत्री होते आणि केशवराव तुरुंगात. लोकांनी हे पाहिलं, आणि 1977 ला नांदेडनं तुरुंगातून आलेल्या माणसाला दिल्लीला पाठवलं.

आणखी एक हिशेब करा. नांदेड-लातूर या दोन जिल्ह्यांनी महाराष्ट्राला चार मुख्यमंत्री दिले : शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख, अशोक चव्हाण. एवढी खुर्ची आपल्या दारात असून नांदेडच्या उस्मानशाही मिलचा भोंगा बंद पडला तो पडलाच. त्याला कारणं अनेक असतील. मला एवढंच सांगायचं आहे, की आपल्या भागाचा माणूस खुर्चीत बसला म्हणून आपल्या पोटाची सोय झाली, असं होत नाही.

मग विरोधी आमदार करतो काय? तो विचारतो. सभागृहात त्यानं तारांकित प्रश्न टाकला की मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं. उत्तर द्यायचं तर साहेबाला फाईल उघडावी लागते. जी फाईल आपण दहा खेटे घालून उघडत नाही, ती एका प्रश्नानं उघडते. आणि दिलेलं उत्तर कामकाजात छापून राहतं, उद्या नाही म्हणता येत नाही. भविष्यनिधी कापला पण भरला का? गिरणी बंद झाली तर ग्रॅच्युइटी कुठं गेली? हे विचारायला खातं लागत नाही. छाती लागते. मन्याड खोऱ्यानं केशवरावांना वाघ म्हटलं ते त्यासाठी.

ऑगस्ट 2022 मध्ये, त्यांनी शंभरी ओलांडल्यावर, त्याच विधानसभेनं त्यांचा गौरव केला. ज्यांना ते आयुष्यभर जाब विचारत आले, त्या बाकांवरचे लोकही त्यात होते. 1 जानेवारी 2023 ला ते गेले.

बंधूंनो, अजून काम संपलेलं नाही. देगलूर-उदगीर ओलांडलं की बीदरचा मुलूख लागतो. भालकी, औराद भागात आपलीच भाषा, आपलेच सोयरे. सीमाभागातल्या 865 गावांवर महाराष्ट्राचा दावा आहे, आणि 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेला खटला वर्षानुवर्षं रेंगाळला आहे. त्यांच्यासाठीही कुणीतरी उभं राहून विचारायला पाहिजे.

म्हणून मत मागायला येईल त्याला "तुझ्याकडं कोणतं खातं आहे" असं विचारू नका. विचारा : "आमच्यासाठी सभागृहात किती वेळा उभा राहिलास? काय विचारलंस? उत्तर काय आलं?" ज्याला हे सांगता येईल तो आपला. मग तो या बाकावर असो की त्या.

जय महाराष्ट्र! कामगार एकजुटीचा विजय असो!