नेहमीच्या जागी ठेवलेली किल्ली



गेल्या वर्षी वैशाखात आम्ही आठ दिवस गावी गेलो, तेव्हा शेजाऱ्यांच्या पुतण्यासाठी मी एक चिठ्ठी लिहून ठेवली होती. "किल्ली नेहमीच्या जागी आहे. टाकी भरली की मोटर बंद करावी. बाकी तुला ठाऊकच आहे." चिठ्ठी लिहून मला मोठे समाधान वाटले. तो मुलगा आमच्या आळीत राहायला येऊन दोन आठवडेही झाले नव्हते, हे ध्यानात आले ते एस.टी.त बसल्यावर. त्याने शहाणपण केले; फोन करून विचारले. आज मला ज्या वाचकाविषयी बोलायचे आहे, तो बहुधा फोन करीत नाही.

निमंत्रणपत्रिकेवर माझा विषय फार भारदस्त शब्दांत छापला आहे. त्याला भिऊन काही मंडळी घरीच राहिली असावीत असे पुढच्या खुर्च्या पाहून वाटते. पण विषय चिठ्ठीचाच आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा 'एजंट' म्हणजे पूर्वीच्या पेढीवरचा गुमास्ता समजा. तो नुसते उत्तर देऊन थांबत नाही, आपल्या वतीने काम उरकतो. मात्र त्याला स्वतःचे हात नाहीत. फाइल उघडणे, नोंद शोधणे, तिकीट काढणे यांसाठी त्याला निरनिराळी साधने दिलेली असतात. प्रत्येक साधनाचे नाव, चार ओळींचे वर्णन आणि कोणती माहिती पुरवावी लागते तिची यादी, एवढे त्याच्यापुढे ठेवतात. ते वाचून तो ठरवतो. प्रत्यक्ष काम दुसरीच आज्ञावली करते आणि तिचे उत्तर पुन्हा मजकूर होऊन त्याच्याकडे येते. ही देवघेव सर्वत्र एकसारखी व्हावी म्हणून अँथ्रॉपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' नावाचा खुला संकेत जाहीर केला. त्याने चौकट ठरली. चौकटीतल्या त्या चार ओळी कशा लिहाव्यात, हा भार लिहिणाऱ्यावरच राहिला.

एक खरे साधन घेऊ. १९९६ साली अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी 'आरसिंक' प्रसिद्ध केले. एका ठिकाणच्या फाइली दुसरीकडे नेऊन दोन्ही ठिकाणे सारखी करणे हे त्याचे काम. यात मूळ कप्प्याच्या नावाअखेर एक तिरपी रेघ दिली, तर कप्प्यातील वस्तू जातात. न दिली, तर कप्पाच जातो आणि तिकडे कप्प्यात कप्पा होऊन बसतो. शिवाय 'डिलीट' ही सूचना जोडली, तर मूळ ठिकाणी जे नाही ते दुसऱ्या ठिकाणाहून पुसले जाते.

आता एजंटला एवढेच लिहून दिले की, "हे साधन दोन ठिकाणे सारखी करते." वाक्यात असत्य काही नाही. पण सारखे कोणी कोणासारखे व्हायचे? रिकामा कप्पा मूळ म्हणून दिला, तर भरलेला कप्पा त्याच्यासारखा होईल! एखाद्या पतपेढीच्या वर्षभराच्या नोंदी त्यात असल्या, तर सभासदांना काय सांगणार? आरसिंकच्या मूळ पुस्तिकेत रेघेचा खुलासा स्वच्छ केलेला आहे. काहीही न हलवता काय घडेल ते आधी दाखवणारी 'ड्राय रन'ची सोयही आहे. घात होतो तो पुस्तिकेवरून चार ओळी काढणारा "हे काय, सर्वांना माहीत असते" म्हणून नेमकी तीच ओळ गाळतो तेव्हा.

आणि गाळलेली ओळ एजंटला खुपत नाही. नवखा माणूस अडखळतो, डोके खाजवतो. याने अफाट वाचलेले असते. रिकामी जागा दिसली की संभाव्य ते भरून तो पुढे जातो. "तारीख द्यावी" असे लिहिले आणि त्याने ०५/०६ दिले, तर आपल्याकडे तो ५ जून आणि अमेरिकेत ६ मे. वर्ष, महिना, दिवस हा क्रम आंतरराष्ट्रीय मानकात आहे. तो सांगायला अर्धी ओळ पुरते.

१९७१ साली केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची पहिली पुस्तिका काढली. तीत साधनाच्या दोषांसाठी स्वतंत्र मथळा होता, हे मला फार सभ्यपणाचे वाटते. आणखी एक मथळा होता मालकाचा, म्हणजे अडचण आली तर कोणाला विचारावे त्याचा. एजंटच्या बाबतीत तो मालक रात्री दोन वाजता झोपलेला असतो. म्हणून मालकाला जे विचारले असते, ते वर्णनातच हवे. हे साधन केव्हा वापरू नये? केलेले परत फिरवता येते का? काही सापडले नाही तर रिकामी यादी येते की चूक दाखवली जाते? चुकीचा संदेशही वर्णनाचाच भाग. "चूक क्रमांक २२" एवढेच ऐकून गुमास्ता तीच चूक पुनःपुन्हा करील. "तारीख उलटी आहे, वर्ष आधी लिहा" असे ऐकले तर सुधारेल. याचा अर्थ पाल्हाळ लावावा असा नव्हे. पन्नास साधनांची लांबलचक वर्णने एकदम पुढे टाकली, तर तोही गोंधळतो.

हे लेखन कचेरीत सर्वांत नव्या माणसाच्या गळ्यात घालतात. माझ्या मते ते साधन करणाऱ्यानेच करावे, आणि मग एजंटकडून दहा कामे करवून पाहावीत. तो जेथे चुकेल, तेथे आधी आपली ओळ तपासावी. एक गोष्ट मात्र मला बोचते. असल्या स्वच्छ खुलाशाची मागणी माणसे कित्येक वर्षे करीत होती, तेव्हा "वाचतो कोण?" असे उत्तर मिळे. आता वाचणारे यंत्र आले, तेव्हा लेखण्या सरसावल्या आहेत. असो. निदान लिहिले तरी जात आहे.

यंदा गावी जाताना मी नवी चिठ्ठी लिहिली. किल्ली कोनाड्यात, निळ्या डब्याखाली. मोटर वीस मिनिटांनी बंद. न झाल्यास मेन स्विच कोठे. चांगली अकरा ओळींची झाली. घरातून ती वाचून झाल्यावर प्रश्न आला, "आणि तुळशीला पाणी कोण घालणार?"