ओळंबा आणि पुस्तक
(खडकी येथे जीर्णोद्धार समारंभात झालेले भाषण)



देवळाच्या बांधकामाविषयी बोलायला मी अधिकारी नव्हे. पण गेले चार महिने संध्याकाळी मी इथे येऊन बसत असे. गवंडी ओळंबा धरायचा आणि शाळेतून सुटलेली पोरे दप्तरासकट बघत उभी राहायची. एकाने विचारले, "काका, हा दोरा सरळच का लोंबतो?" गुरुत्वाकर्षणाचा धडा त्याला तोंडपाठ होता! ओळंब्याशी त्याची गाठ कोणी घालून दिली नव्हती, एवढेच.

आपल्या खडकीत 1869 साली दारूगोळ्याचा कारखाना निघाला. पुढे खेड्यापाड्यांतली माणसे इथे पोटाला आली. माझे वडीलही आले. शिकला की गाव सुटायचे, ही रीत पडली. मी मॅट्रिक झालो, तरी गावच्या आमच्या विहिरीला पाणी का लागत नाही, हे मला सांगता येईना.

ते मुलांकडून शोधवून घेणारा माणूस आपल्याच जिल्ह्यात होऊन गेला. डॉ. श्रीनाथ कलबाग. हिंदुस्थान लिव्हरमधले संशोधनाचे काम सोडून 1983 साली त्यांनी शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम काढला. मुद्दाम अवर्षणाचे गाव निवडले. शाळा सुटलेली पोरे तिथे जमिनीत सळ्या रोवून वीज सोडतात आणि खालचा खडक किती विरोध करतो ते मोजतात. त्यावरून पाण्याचा अदमास येतो. वेल्डिंग, सुतारकाम, शेती, माती-परीक्षण, सारे हाताने. गावाची कामे करायची आणि त्याचा रास्त मोबदला घ्यायचा. डॉक्टर 2003 साली गेले. काम चालू आहे. आठवड्यातला एक दिवस असे शिक्षण देण्याची पद्धत तिथून कित्येक हायस्कुलांत गेली.

आता आईबाप म्हणतील, पोराला घमेली उचलायला धाडले काय? हा राग खोटा नाही. गरिबाच्या पोराला कुदळ आणि श्रीमंताच्या पोराला पुस्तक असे होणार असेल, तर माझाही विरोध आहे. पाबळच्या पोराच्या हाती दोन्ही असते.

विश्वस्तांना एक विनंती. या नव्या छपराचे पाणी गटारात जाते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. आठवी-नववीच्या मुलामुलींनी छपराचे माप घ्यावे, पावसाळाभर पाऊस मोजावा, शोषखड्डा किती मोठा हवा ते काढावे. खोदाई जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली व्हावी. मुलांना या कामाचे मानधन मिळावे. माझ्या देणगीचा दुसरा हप्ता अजून द्यायचा आहे. त्याची पावती कळसाच्या खात्यावर न फाडता या कामावर फाडावी.