विद्यार्थी, सेवा आणि बोदलकसा तलाव

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त बोदलकसा येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



ज्या तलावाकाठी आज आपण जमलो आहोत, त्याचा बांध १९१७ सालचा. नागझिऱ्याच्या अरण्यालगतचे हे पाणी धानाच्या बांध्यांना मिळते, हे आपण जाणताच. हिवाळ्यात याच पाण्यावर दूरदेशीची बदके उतरतात. विद्यार्थ्यांना विश्वाचे नागरिक करावे, असे हल्ली सर्वत्र बोलले जाते. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली स्वीकारलेल्या शाश्वत विकास उद्दिष्टांतही ते नमूद आहे. त्यासाठी परदेशवारी आवश्यक नाही. मात्र एक दिवस झाडू हाती धरून छायाचित्र काढल्यानेही ते घडत नाही.

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. दोन वर्षांत २४० तासांची सेवा आणि सात दिवसांचे शिबिर, अशी तिची रचना. तास भरतात, प्रमाणपत्र मिळते. परंतु ज्या गावी शिबिर भरले, त्या गावाकडून विद्यार्थी काय शिकला, हे कोणी विचारीत नाही.

आपल्याच भंडारा-गोंदिया भागात मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ढीवर समाजासोबत जुन्या तलावांचे काम केले. बेशरम वनस्पती उपटली, उन्हाळ्यात तलावाचा तळ नांगरला आणि पावसाच्या प्रारंभी स्थानिक पाणवनस्पती लावल्या. कोणत्या वनस्पतीत कोणता मासा अंडी घालतो, कोणता पक्षी कशावर जगतो, हे ज्ञान ढीवरांच्या परंपरेत होते. ते ऐकून घेतले, म्हणून काम उभे राहिले.

येथे एक अवघड गोष्ट बोलतो. ढीवरांची उपजीविका मासेमारीवर आहे. आपल्या घरातील मुलाला संकोच वाटणे स्वाभाविक आहे. त्याने आपला आचार सोडू नये. परंतु ज्याचा आचार भिन्न आहे, त्याच्याजवळ बसून त्याचे ज्ञान आदराने ऐकणे त्याला साधले नाही, तर तो परक्या देशातील माणसाशी तरी कसा वागेल? मला हा प्रश्न तलाव स्वच्छतेपेक्षा मोठा वाटतो.

आशियाई पाणपक्षी गणना भारतात १९८७ पासून दर जानेवारीत होते. तलावावर बसून मोजलेला आकडा इतर देशांच्या आकड्यांशी जोडला जातो. पट्टकादंब मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून भारतात येतात. त्यांच्या वाटेवरचा एक तलाव आटला किंवा बेशरमीने भरला, तर हानी एका गावाची राहत नाही. भूगोलाच्या पुस्तकात हे वाचणारा मुलगा आणि पहाटेच्या थंडीत पक्षी मोजणारा मुलगा यांत फरक पडतो. आपल्या जिल्ह्यातील शेतकरी धानातील सारसाचे घरटे राखतात, हेही त्याला तेथेच कळते.

विश्वस्तांना माझी विनंती आहे. शिष्यवृत्ती घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी वर्षभर, महिन्यातून एकदा एकाच तलावावर यावे. काठावरच्या एका कुटुंबाशी परिचय करावा, पक्षी मोजावेत, वही ठेवावी. दुर्बिणी आणि गाडीभाडे यांची तरतूद ट्रस्टने करावी. प्रारंभ येत्या जानेवारीच्या गणनेपासून करता येईल. नावे आजच नोंदवून घ्यावीत.