फिट थांबत नाही तेव्हा

फिटचा, म्हणजे आकडीचा विषय निघाला की आपली गाडी कांदा आणि चप्पल हुंगवण्यापुढे जात नाही. आज त्याच्या पुढचं बोलू.

धडधाकट तरुण मुलगी आठ-पंधरा दिवसांत बदलते. झोप उडते, काहीबाही बडबडते, उगाच संशय घेते. मग फिट येते आणि गोळ्या देऊनही येतच राहते. घरचे म्हणतात, बाहेरचं झालं. देवऋष्याकडे दोन आठवडे जातात, आणि तेच दिवस मोलाचे असतात.

कारण ही मेंदूची सूज असू शकते. जंतूंशी लढणारी शरीरातली ताकदच मेंदूवर उलटते. कुंपणानंच शेत खावं तसं. यातला एक प्रकार डॉ. जोसेप डालमाऊ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ओळखला. अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस. नाव विसरलात तरी चालेल. तरुण बायकांत तो जास्त दिसतो, काहींच्या अंडाशयात गाठ असते. म्हणून डोक्याच्या आजाराला पोटाची सोनोग्राफी सांगितली तर भांडू नका. मणक्यातलं पाणी तपासायलाही घाबरू नका, त्यानं माणूस लुळा पडत नाही.

फिट पाच मिनिटांवर गेली, किंवा शुद्धीवर न येताच दुसरी आली, तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा. दवाखान्यात आधी फिट थांबवायची इंजेक्शनं देतात. तेवढ्यानं भागलं नाही तर भूल देऊन व्हेंटिलेटरवर ठेवतात. पण उतू जाणाऱ्या दुधावर फुंकर मारून किती वेळ निभणार? खालचा जाळ ओढावा लागतो. तो जाळ म्हणजे सूज. त्यासाठी स्टेरॉइड, इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शनं किंवा रक्तातला प्लाझ्मा बदलणं. गाठ असेल तर ती काढणं. फरक पडला नाही तर रिटुक्सिमॅबसारखी औषधं.

यात महिने जातात. पोरगी डोळे उघडत नाही, पैसे संपत येतात, आणि कुणीतरी म्हणतं, घरी नेऊ. या आजाराच्या ५७७ रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये छापून आला. उपचार मिळालेल्यांपैकी शंभरातले सुमारे ऐंशी जण दोन वर्षांत चांगले सुधारले होते. घरी न्यायचं ठरवण्याआधी हा आकडा सासऱ्यांना, दिरांना सांगा. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी गाठा.

आणि मोबाइलवर फिटचा व्हिडिओ काढून ठेवा, वागणं कोणत्या दिवसापासून बदललं ते कागदावर लिहा. मेंदूच्या डॉक्टरांना पहिल्यांदा तेच लागतं.